मदत हवी आहे: गुडघ्याच्या ऑपरेशनआधीचा व्यायाम आणि साडीत न सापडणारा गुडघा

नमस्कार मंडळी,

आम्ही कोल्हापूरचे, शिवाजी पेठेतले. आई ६८ वर्षांची. उजव्या गुडघ्याची झीज ग्रेड ४, म्हणजे शेवटच्या टप्प्याची, सांधा बदलायचं ठरलंय, ऑपरेशनला ५ आठवडे राहिलेत. दर शुक्रवारी अंबाबाईला चालत जायची, ते वर्षभर बंद आहे.

मांडीचा पुढचा स्नायू आधीच खंगलेला असला तर ऑपरेशननंतर उभं राहणं जड जातं, म्हणून आत्तापासून व्यायाम सुरू केलाय. फिजिओ मॅडम एकदा घरी येऊन शिकवून गेल्या. आता दर गुरुवारी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल असतो. या पावसात रिक्षात चढ-उतार करणं आईला झेपत नाही, त्यामुळे ही सोय फार बरी.

गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची आणि ५ आकडे धरायचं. डावा गुडघा दुमडून उजवा पाय सरळ वर उचलायचा. टाच पलंगावरून मागे ओढायची. सगळं १०-१० वेळा, दिवसातून तीनदा.

मी एमआयडीसीत शिफ्टला असतो, दुपारी आई एकटीच. म्हणून कॅमेऱ्यावर बघून मोजणारं एक अ‍ॅप घेतलं आणि फोन पाटाला टेकवून ठेवला. पण आई पातळ नेसते, निऱ्यांत कॅमेऱ्याला गुडघा सापडतच नाही. पाय उचलला तरी आकडा हलत नाही, मग ती पुन्हा उचलते. मध्यंतरी एकदा असे १० चे २५ झाले आणि रात्री गुडघा सुजला. मॅडमना कळवलं, त्यांनी बर्फ लावून दोन दिवस थांबायला सांगितलं. आई म्हणते, "अरे, त्यानं मोजलंच न्हाई की, माझंच कायतरी चुकत असंल." ते ऐकून पोटात तुटलं. दुपारी शेजारपाजारचं कोण ना कोण येतं, ती गाऊनवर बसणार नाही, आणि मी तसा आग्रहही धरणार नाही.

अ‍ॅप काढून टाकलंय. आता माझ्याच आवाजात आकडे रेकॉर्ड करून दिलेत, "आई, उचल... एक, दोन..." असे. दहा झाले की आवाज थांबतो, ती पण थांबते. हे छान चाललंय.

अडलंय ते कोन मोजण्यात. गुडघा पूर्ण सरळ होत नाही. रात्री त्याखाली उशी घ्यायची सवय मॅडमनी मोडायला लावलीय, कारण त्यानं तो वाकलेलाच राहतो. फरक पडतोय का ते बघायला मी तिला उताणं झोपवून, टाच पलंगाला टेकलेली ठेवून, फोनच्या लेव्हलनं (उतार अंशांत दाखवणाऱ्या सोयीनं) मांडीचा आणि नडगीचा उतार बघतो आणि दोन्हींची बेरीज करतो. एकाच संध्याकाळी एकदा ८ अंश आले, एकदा १५. मांडीवर फोन डगमगतो. नडगीच्या हाडावर मात्र बरा बसतो.

घरी कुणी असं मोजलंय का? फोन नेमका कुठे टेकवायचा? की बाजूनं फोटो काढून, घोटा, गुडघा आणि खुब्याजवळ साडीवरच चिकटपट्टीच्या खुणा करून मोजलेलं जास्त भरवशाचं? मी मॅडमना दर गुरुवारी आकडा देतो, तो चुकीचा जायला नको. व्यायाम वाढवायचा की नाही ते त्याच ठरवतील, मला फक्त मोजायची रीत हवी आहे.

आईच्या वयाच्या, साडी नेसणाऱ्या कुणाचं हे घरी केलं असेल तर जरूर लिहा. पुढचा कॉल याच गुरुवारी आहे.