रविवारच्या सायकलफेरीत फक्त गिअरवाले उरलेत, बाकीच्यांना परत कसं आणायचं?

कर्वेनगरी_पायडल
पुण्यात कर्वेनगरमध्ये दर रविवारी सकाळी सव्वासहाला फेरी निघते, साधारण २२ किमी. सुरुवातीला घरकामाच्या बायका, सोसायट्यांचे वॉचमन, पेन्शनर आणि शाळकरी मुलं असे चाळीसेक जण असायचे. आता जेमतेम दहा, सगळे जर्सीवाले. तीन प्रश्न आहेत.
१. फेरीत नेमकं काय बदलावं?
२. सहा बायकांना सायकल अजिबात येत नाही. वयं ३५ ते ५५. मागून सीट धरून पळायचं का?
३. आमच्या भागातल्या सायकल ट्रॅकच्या तोंडाशी खांब रोवलेत. एका काकांची हाताने चालवायची तीनचाकी त्यातून जात नाही. कुठे अर्ज करावा?

शेवटचा_भिडू
सव्वासहा ही वेळ मुळात सुट्टी असलेल्यांची आहे. घरकामाला रविवार नसतो, सातला पहिलं घर गाठायचं असतं. रात्रपाळीचा वॉचमन तेव्हा सुटलेलाही नसतो. त्यांनाच विचारून महिन्यातल्या दोन फेऱ्या संध्याकाळी साडेपाचला ठेवा.

अंतर ८ किमी, वेग ताशी १० ते १२. पुढच्या माणसाने मागे वळून बघायचं ते वेग वाढवायला नव्हे, कमी करायला. सर्वात शेवटी एक जाणता माणूस ठेवायचा आणि त्याच्या मागे कुणीही राहायचं नाही. प्रत्येक वळणावर एक जण थांबवा, शेवटचा भिडू येईपर्यंत त्याने हलायचं नाही. थांब्यावर सगळे जमले की लगेच निघू नका. पुढे आलेल्यांची पाच मिनिटं विश्रांती झालेली असते, मागच्याची शून्य. बहुतेक माणसं इथेच गळतात.

मार्ग डाव्या वळणांचा, म्हणजे घड्याळाच्या उलट दिशेचा आखा. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे उजवं वळण म्हणजे दर वेळी समोरची वाहतूक कापणं. उड्डाणपूल टाळा. साध्या सायकलीला चढावर उतरावंच लागतं आणि पुलावर उतरून चालायला जागा नसते.

आणि जर्सीची वर्गणी बंद करा. दोरीने शर्टावर बांधता येईल असा रिफ्लेक्टरचा पट्टा पुरतो.

कॉटर_पिन
वरच्या उत्तरात एक गोष्ट राहिली: सायकली. साध्या सायकलीवाला येत नाही कारण त्याची सायकल वाटेत बसली तर तुमच्यापैकी कुणाकडे तिची ट्यूब नसते! शेवटच्या भिडूच्या पिशवीत ७०० ची (गिअरवाल्या सायकलीच्या मापाची) ट्यूब आणि निमुळत्या व्हॉल्व्हचा पंप असतो. काळ्या दांड्याच्या सायकलीला त्याचा काय उपयोग?

ट्यूब घेताना नुसतं '२६' किंवा '२८' सांगू नका. टायरच्या कडेवरचा मिलिमीटरचा आकडा बघा. लेडीज सायकलीचं २६ × १ ३/८ म्हणजे ५९०, जाड टायरचं २६ × १.९५ म्हणजे ५५९. दोन्ही '२६', पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. २८ × १ १/२ चा व्यास ६३५, ७०० वाल्याचा ६२२. ट्यूब ताणून एक वेळ चालेल, टायर नाही.

साध्या सायकलीचं 'पंक्चर' पुष्कळदा पंक्चर नसतंच. व्हॉल्व्हवरची रबरी नळी उन्हाने कडक होऊन चिरते. हवा भरा, व्हॉल्व्हच्या तोंडावर थुंकीचं बोट लावा. बुडबुडा आला तर नळी बदला, काम दोन मिनिटांचं. अशा दहा नळ्या खिशात ठेवा.

पायडलच्या प्रत्येक फेऱ्याला 'टक' आवाज आला तर कॉटर पिन, म्हणजे पायडलचा दांडा (क्रँक) आसाला घट्ट धरणारी खीळ, ढिली आहे. हातोडी मारण्यापूर्वी क्रँकखाली लाकडाचा ठोकळा टेकवा, नाहीतर घाव बेअरिंगवर बसतो. पावसाळ्यात दांड्याचे ब्रेक आणि स्टीलच्या रिमा भिजल्या की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून दोन सायकलींमधलं अंतर दुप्पट ठेवायला लावा.

फेरीआधी अर्धा तास पंप, तेल आणि १५ चा पाना घेऊन चौकात बसा. हवा भरायला येणारे निम्मे तरी फेरीला थांबतील, असा माझा अंदाज.

ओढणी_आवरा
सीट धरून पळू नका. सायकल ज्या बाजूला कलते त्या बाजूला हँडल वळवल्याने तोल सावरतो. तुम्ही सीट धरलीत की कल तुम्हीच सावरता आणि शिकणारीला हँडलचं काम कळतच नाही. सोडलंत की पडते, आणि पंचेचाळिशीत एकदा पडलेली बाई पुन्हा येत नाही.

दोन्ही पायडल काढा. उजवं नेहमीसारखं उलट फिरवून सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या दिशेने सोडवायचं. जोर लावून उलटं फिरवलंत तर जास्तच आवळतं. परत बसवताना आधी बोटांनी तीन-चार आटे चढवा. तिरकं चढलं तर क्रँकचे आटे कापले जातात.

सीट इतकी खाली की दोन्ही तळवे पूर्ण टेकतील. दांडा नसलेली सायकल घ्या, उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर २४ इंची बरी. चेनवर पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी हवीच. साडी नेसूनही शिकता येतं, ड्रेसची सक्ती करू नका. पदर खोचलेला, ओढणी गाठ मारून पाठीमागे.

आधी सायकल हाताने ढकलत ब्रेक दाबायची सवय. मग अगदी सौम्य उतारावर पायांनी ढकलत सरकायचं. नजर पुढच्या चाकावर नाही, समोर पंधरा-वीस पावलांवर. पाय उचलून सलग पाच-सहा सेकंद सरकता आलं की पायडल लावा. तोवर नाही, कितीही आग्रह झाला तरी. एका वेळी पाऊण तास पुरे, पुढे मांड्या भरून येतात. आणि मैदानाच्या कडेला बघे नकोत, नवरे धरून.

मोजमाप_पुस्तिका
तिसऱ्या प्रश्नाबद्दल. आधी काकांच्या तीनचाकीची सर्वात रुंद जागा टेपने मोजा, मग दोन खांबांमधली मोकळी जागा. दोन्ही आकडे फोटोत दिसू द्या. मागणी १.२ मीटर मोकळ्या जागेची करा. नागमोडी फाटक मागू नका, त्यात तीनचाकी आणि भाजीची हातगाडी दोन्ही अडकतात. इथे एक गोष्ट मान्य करावी लागेल: तीनचाकी जाते तिथून स्कूटरही जाते. ती अडवायला पोलीस लागतात, खांब नव्हेत.

अर्ज महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, पथ विभागाच्या कनिष्ठ अभियंत्याच्या नावे, दोन प्रती. एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. त्यात २०१७ मध्ये सर्वसाधारण सभेने मंजूर केलेल्या पुणे सायकल आराखड्याचा उल्लेख करा. उत्तर आलं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा: शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्रात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा लागतो. त्या ट्रॅकचा नकाशा आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहिलेल्या सरकारी वहीची) प्रत मागा. खांब नकाशात नसतील तर तुमचं काम सोपं झालं.

जाताजाता गटाराच्या जाळ्याही बघा. गज रस्त्याच्या दिशेने असतील तर चाक अडकतं. जाळी चौरस असेल तर ती काढून आडवी बसवायची, खर्च जवळपास नाहीच.

कर्वेनगरी_पायडल
संध्याकाळची वेळ विचारून बघतो. तीनचाकी मोजली, ८८ सेंमी. खांबांत ७५ आहे. कॉटर_पिन, नळी सगळ्या साध्या सायकलींना एकच लागते का?

कॉटर_पिन
जुन्या पद्धतीच्या व्हॉल्व्हला एकच. मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर नळी नसते, आतली पिन आवळून बघा. आणि ८८ ला ७५? मधला एक खांब काढायला सांगा, सरकवत बसू नका.