'ब्लँकेटमेन'ला मराठीत काय म्हणावं? आणि इथे 'राजबंदी' चालेल का?

शमी
उत्तर आयर्लंडमधल्या लाँग केश तुरुंगावरचा एक लेख मराठीत आणते आहे. १ मार्च १९७६ नंतरच्या गुन्ह्यांसाठी ब्रिटिश सरकारने तिथल्या कैद्यांचा विशेष दर्जा, म्हणजे राजकीय कैद्यासारखी वागणूक, बंद केला. त्यानंतर शिक्षा झालेला पहिला रिपब्लिकन (ब्रिटनपासून सुटून आयर्लंड एक व्हावं म्हणणारा) कैदी किरन न्यूजंट. त्याने सप्टेंबरात तुरुंगाचे कपडे घालायला साफ नकार दिला आणि नुसतं ब्लँकेट गुंडाळून राहिला. पाठोपाठ शेकडो जण तसेच राहिले. तेच 'ब्लँकेटमेन'. मी 'घोंगडीवाले' लिहिलं होतं, ते संपादकांनी खोडलं आणि 'राजकीय कैदी'चं 'राजबंदी' केलं. मला दोन्ही बदल खटकतात.

दत्तू_माणदेशी
घोंगडी खोडली ते योग्यच. घोंगडी म्हणजे मेंढीच्या लोकरीची, मागावर विणलेली, चिंचोक्याची खळ दिलेली. आमच्याकडे ती पाठीवर टाकून माणूस रानात जातो, पावसात डोक्यावर खोळ करतो. तुरुंगाने दिलेल्या ब्लँकेटला ते नाव देऊ नका. सरळ 'ब्लँकेटवाले' लिहा.

घाटमाथा
प्रत्येक वेळी इंग्रजीपुढे हात टेकायचे का? वारकरी, धारकरी, तसे 'कांबळकरी'. घडवलेला शब्द वापरला की रुळतो.

दत्तू_माणदेशी
रुळेल तेव्हा रुळेल. आज वाचणारा अडखळेल, त्याचं काय?

जुनी_बराक
'राजबंदी'बद्दल बोलतो. इंग्रजांच्या १८१८च्या 'तिसरं रेग्युलेशन' या कायद्याखाली खटला न चालवता डांबलेले ते राजबंदी, असा जुना वापर. आणीबाणीतले मिसाबंदीही स्थानबद्धच. उत्तर आयर्लंडमध्ये ऑगस्ट १९७१ पासून १९७५ अखेरपर्यंत बिनखटला स्थानबद्धता होती. तेव्हाच्या लोकांना राजबंदी म्हणा. ब्लँकेटवाल्यांवर खटले चालले होते, ज्यूरी नसलेल्या डिप्लॉक न्यायालयांत. 'शिक्षा झाली असली तरी आम्ही गुन्हेगार नाही', हाच त्यांचा दावा. 'राजबंदी' लिहिलंत तर भांडणाचा मुद्दाच पुसला जातो.

खडीसाखर
इतकी काटेकोर व्याख्या बोलण्यात कुणी पाळली? माझे आजोबा बेचाळीसच्या चळवळीत रीतसर शिक्षा भोगून आले, तरी गावात त्यांना राजबंदीच म्हणत. ते 'ब' वर्गात होते. म्हणजे आपल्याकडे राजकीय कैद्यांना इंग्रजांनी दर्जा दिलाच होता की.

जुनी_बराक
अ, ब, क हे वर्ग माणसाचं शिक्षण, घरची परिस्थिती, राहणीमान बघून ठरत. राजकीय हेतू बघून नव्हे. त्यामुळे एकाच सत्याग्रहातला वकील 'अ'मध्ये आणि शेतमजूर 'क'मध्ये, असं होई. लाहोरच्या तुरुंगात क्रांतिकारक जतीन दास ६३ दिवस अन्न सोडून १३ सप्टेंबर १९२९ला गेले, ते राजकीय कैद्यांना माणसासारखं वागवावं यासाठी. कॉर्कचे महापौर टेरेन्स मॅक्स्विनी १९२०मध्ये ब्रिक्स्टन तुरुंगात ७४ दिवसांच्या अन्नत्यागानंतर वारले, हे तेव्हा आपल्याकडे घरोघरी माहीत होतं.

शमी
पुढचा प्रश्न. ब्लँकेटवाल्यांच्या पाच मागण्या होत्या: तुरुंगाचे कपडे नकोत, तुरुंगाचं काम नको, एकमेकांत मिसळण्याची आणि शिकण्या-खेळण्याची मोकळीक, आठवड्याला एक भेट, एक पत्र, एक पार्सल, आणि कापली गेलेली माफी परत. 'भेट' लिहू की 'मुलाखत'?

दत्तू_माणदेशी
मुलाखत. आपल्याकडच्या तुरुंगात तोच शब्द आहे. 'माफी' मात्र सांभाळून, नाहीतर वाचकाला वाटेल त्यांनी सरकारची माफी मागितली. 'शिक्षेतली सूट' लिहा.

घाटमाथा
आणि या मागण्यांसाठी पुढे त्यांनी अन्न सोडलं, त्याला 'उपोषण' नको. त्याला एकादशीचा वास आहे. त्यांच्यातला बॉबी सँड्स १ मार्च १९८१ला बसला, ९ एप्रिलला तुरुंगातूनच खासदार झाला, ५ मेला गेला. ६६ दिवस. त्याच्यासकट दहा जण मेले. याला 'प्रायोपवेशन' म्हणावं.

खडीसाखर
मुळीच नाही. प्रायोपवेशनाला बसणारा मरायचं ठरवून बसतो. या पोरांना मागण्या मान्य होऊन जगायचं होतं. साने गुरुजी पंढरपूरला विठ्ठलमंदिर हरिजनांना खुलं व्हावं म्हणून बसले ते उपोषणच होतं, त्याला कुणी एकादशी म्हटलं नाही. मागणी मान्य झाली आणि उपोषण सुटलं.

जुनी_बराक
आयरिश लोकांच्या जुन्या कायद्यात सावकाराने ऋणकोच्या दाराशी उपाशी बसायची रीत होती. आपल्याकडचा धरणेकरी तोच. दाराशी बसायचं, खायचं नाही, आतल्यालाही जेवू द्यायचं नाही. मला 'धरणे' जवळचा वाटतो.

दत्तू_माणदेशी
धरणेकरी दाराबाहेर असतो. हे कोठडीत कोंडलेले. आणि आज धरणे म्हटलं की कलेक्टर कचेरीपुढचा मांडव आठवतो, अन्न सोडणं नव्हे.

घाटमाथा
आज काय आठवतं यावर शब्दाचा अर्थ ठरवायचा? मग जुना शब्द परत आणायचा तरी कुणी?

शमी
ब्लँकेटचं काय ठरलं पण?

खडीसाखर
आधी धरणे. आमच्या कोकणात 'धरणं धरणे' म्हणतात, 'धरणे बसणे' नाही. यातलं मूळ कुठलं?