सलग दिवसांचा आकडा तुटला की माझं चालणंच सुटतं

अनगोळची_ताई
नमस्कार. मी बेळगावच्या शहापुरात एका पतसंस्थेत कॅशियर आहे, वय 47. दिवसभर खुर्चीवर. दिवाळीनंतर रक्त तपासलं तर तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 6.2 आली, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. डॉक्टर म्हणाले, गोळी नको, चाला. लेकानं मोबाईलवर अ‍ॅप घालून दिलं. रोज दहा हजार पावलं, आणि सलग किती दिवस झाले त्याचा आकडा. पहाटे व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात फिरायला जायची गोडीच लागली, खरं सांगते. रात्री दोनशे पावलं कमी पडली तर गच्चीवर फेऱ्या मारून भरायची.

41व्या दिवशी नणंदेच्या घरी लग्न. हळद, पाहुणे, जेवणावळी. रात्री बघते तर आकडा शून्य. मला रडूच आलं. त्यानंतर तीन आठवडे बूट घातले नाहीत. खेळ मला पाहिजे, खेळाशिवाय मी उठत नाही हे मला कळलंय. पण शून्यावर आणणारा नको. कुणी दुसऱ्या तऱ्हेनं खेळता काय?

निपाणीचा_पीटी_मास्तर
ताई, आधी त्या दहा हजाराचं ओझं उतरवा. 1965 मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आलं, त्याचं नावच 'मान्पो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचं मीटर. आकडा तिथून पसरला, तो वैद्यकीय नियम नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. म्हणजे हिशोब आठवड्याचा ठेवता येतो. लग्नाचा दिवस गेला तर उरलेल्या सहा दिवसांत भरून निघतो की.

खानापूर_रानवाट
आमच्या घरी वही आहे, अ‍ॅप नाही. मुलीनं पाठकोऱ्या कागदावर बेळगाव ते कोल्हापूर हायवे काढला. काकती, यमकनमर्डी, हत्तरगी, संकेश्वर, निपाणी, कागल. साधारण 110 किलोमीटर. चालायचं गावातच, पण जेवढं चालू तेवढी टाचणी नकाशावर पुढं सरकते. रोज चार किलोमीटर धरले तर महिन्याच्या आत अंबाबाई. संकेश्वरजवळ पोचलो तेव्हा मुलीनं तिथल्या वल्लभगडाचं चित्र चिकटवलं, दिवाळीत अंगणात किल्ला करते ना ती, तिला गड आला की चेव येतो. कोल्हापूर गाठल्यावर खरोखर एसटीनं जाऊन दर्शन घेऊन आलो.

तुमच्यासाठी महत्त्वाचं हे की टाचणी मागं जात नाही. माझे वडील पंढरीची वारी करायचे. दिंडी मुक्कामाला थांबली म्हणून कुणी आळंदीला परत जात नाही. जुलैत आमच्याकडं पाऊस कसा असतो ठाऊक आहे तुम्हाला. आठ दिवस आम्ही संकेश्वरातच मुक्कामाला होतो. ऊन पडलं, तिथून पुढं निघालो.

टिळकवाडी_फिजिओ
नकाशा छान आहे. एकच विनंती, घरच्यांच्या ग्रुपवर पहिला-दुसरा नंबर लावू नका. सुनेला हरवायचं म्हणून एकदम दुप्पट चालून गुडघा सुजवून आलेल्या बायका मी बघते, फार वाईट वाटतं. सगळ्यांची मिळून एकच टाचणी ठेवा. आणि ताई, साखरेसाठी जेवणानंतरची दहा-पंधरा मिनिटं सुद्धा कामाची. तीही नकाशात धरा.

अनगोळची_ताई
सर, दादा, मॅडम, मनापासून आभार. 'मुक्काम' शब्द वाचून डोळे भरले. आमची आजीही वारकरी होती, तरी मला सुचलं नाही.

जुन्या कॅलेंडरच्या मागं नकाशा काढला. सोमवार, मंगळवार मिळून आठ किलोमीटर झाले, काकती आली. बुधवार-गुरुवार सासूबाईंना दवाखान्यात न्यायचं होतं, पाऊलभर फिरणं झालं नाही. आज पहाटे बूट घालताना भिंतीकडं बघितलं. टाचणी काकतीतच होती. आता यमकनमर्डीकडं निघालेय. सासूबाई म्हणाल्यात, बरं वाटलं की अंगणातल्या माझ्या फेऱ्याही त्यात धर.