मदत हवी आहे: कॉन्टेसा ३२ की सॅडलर ३२?

नमस्कार मंडळी. लांबच्या सफरींसाठी जुनी शिडाची बोट घ्यायची आहे, आम्ही दोघंच असू. शोधता शोधता दोनच नावं उरली. दोन्ही डेव्हिड सॅडलर यांच्याच डिझाइनच्या, लांबी जवळपास सारखी, त्यामुळे कागदावर काही निवडता येईना.

कॉन्टेसा अरुंद आणि खोल समुद्राची सवय असलेली. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या सागरी शर्यतीतल्या वादळात सर्वांत छोट्या गटातून शर्यत पूर्ण करणारी एकमेव बोट याच मॉडेलची होती, आणि खरं सांगायचं तर ते वाचल्यापासून मन तिच्याकडेच ओढतंय. पण आत जागा कमी, आणि वाऱ्यात कलते जास्त. सॅडलर रुंद आहे, महिना-महिना राहायला ती बरी वाटते.

ज्यांनी दोन्ही चालवल्यात त्यांनी सांगा: समोरून येणाऱ्या लाटांवर सॅडलर खूप आपटते का? आणि दोन्ही बोटी इतक्या जुन्या झाल्यात, तर डेकमधला ओलावा, कीलचे (बोटीच्या तळाखालच्या जड पात्याचे) बोल्ट, डोलकाठीच्या तारा यांपैकी आधी काय तपासू? नावापेक्षा बोटीची निगा पाहावी असं मला वाटतं, पण सुरुवात नेमकी कुठून करू?