व्हिंटेज पोर्ट: कोवळी प्यावी की वीस वर्षं थांबावं?

द्राक्षवेडा: लंडनला मित्राच्या घरी टेलर्स या पोर्ट बनवणाऱ्या घराण्याची २०१७ची व्हिंटेज पोर्ट (पोर्तुगालची मद्यार्क घातलेली गोड वाइन, एकाच चांगल्या वर्षाच्या द्राक्षांची) उघडली. टेबलावरचे एक गृहस्थ हळहळले, २०४०च्या आत ही बाटली उघडणं पाप आहे म्हणाले. मला अजिबात पटलं नाही. काळपट जांभळा रंग, ग्लास फिरवला की काचेला धरून राहतो. आधी व्हायोलेटच्या फुलांचा वास येतो (ही तूरिगा नासिओनाल द्राक्षाची खूण), त्यामागून काळ्या बेरींचा. घोट घेतला की गोड, आणि लगेच हिरड्या आवळतात. जीभ तर जांभळं खाल्ल्यासारखी झाली होती. हा दांडगेपणा वीस वर्षांनी कुठून आणणार? जुनी झाली की मऊ होते, मान्य. पण मऊ पोर्टच हवी असेल तर टॉनी (लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरवलेली पोर्ट) आहे की!

जुनी_बाटली: अहो, तुम्ही प्यायलात ते सुटे भाग होते. पोर्तुगालच्या दोरू खोऱ्यात द्राक्षरस अर्धामुर्धा आंबला की त्यात ७७ टक्क्यांचा द्राक्षाचाच मद्यार्क ओततात. यीस्ट मरतं, लिटरला शंभरेक ग्रॅम साखर तशीच उरते, अल्कोहोल वीस टक्क्यांवर जातं. दोनेक वर्षं लाकडात ठेवून न गाळता बाटलीत भरतात. म्हणजे इकडे साखर, तिकडे मद्यार्क, मध्ये टॅनिन, म्हणजे सालीबियांतला तुरटपणा. हे सगळं एकजीव व्हायचं ते बाटलीतच. १९६३ची पोर्ट लोक आजही मिटक्या मारत पितात, ते काय उगाच? घाई असेल तर एलबीव्ही (लेट बॉटल्ड व्हिंटेज, म्हणजे उशिरा बाटलीत भरलेली) घ्या. चार ते सहा वर्षं लाकडात राहिलेली असते, स्वस्त पडते, लगेच पिता येते.

द्राक्षवेडा: एलबीव्हीची धार लाकडातच जाते हो, शिवाय बऱ्याच गाळलेल्याही असतात. आणि मुलगा जन्मला की त्या वर्षाची पोर्ट घेऊन ठेवायची, तो एकविसाचा झाला की उघडायची, ही ब्रिटिश श्रीमंतांची रीत. त्यांच्याकडे तळघरं होती. १९९०च्या दशकापासून मद्यार्कही चांगला मिळू लागलाय, कोवळ्या पोर्टमध्ये तो पूर्वीसारखा नाकात जात नाही.

गोंयकार: आमच्याकडे पोर्ट वाइन म्हणून जी गोड बाटली मिळते ती बर्फ घालून पितात, ती मुरवत ठेवायचा प्रश्नच येत नाही :) पण खऱ्या व्हिंटेजसाठी बारा-चौदा अंश, तेही वर्षानुवर्षं स्थिर, कुठे मिळणार? पणजीचा मे महिना, त्यात वीज जाणार. इथल्या माणसाने वीस वर्षं ठेवली तर शेवटी शिजवलेला मनुकाच हाती येईल. मी द्राक्षवेडांच्या बाजूने.

जुनी_बाटली: मग इथे घेऊच नका! ठेवायला जागा नाही म्हणून कोवळी चांगली, हा कुठला न्याय?
आणि एक गोष्ट सगळेच विसरताय. ही पोर्ट पहिली चार-पाच वर्षं खुली असते, मग मिटते. वास दबतो, फळ हरवतं, नुसता तुरटपणा राहतो, आणि हे दहा-दहा वर्षं चालू शकतं. २०१६ आणि २०१७, दोन्ही वर्षं बड्या घराण्यांनी लागोपाठ व्हिंटेजची म्हणून जाहीर केली, म्हणून बाजारात भरपूर दिसतात. पण आता त्या उघडणं म्हणजे कोवळेपणाही नाही आणि जुनेपणाही नाही.

द्राक्षवेडा: आमची मिटलेली नव्हती. सकाळीच डिकँटरमध्ये (हवा लागावी म्हणून काचेच्या सुरईत) ओतून ठेवली होती. दुपारी चाखली तेव्हा गप्प होती हे खरं, रात्री जेवणानंतर बोलायला लागली.

जुनी_बाटली: म्हणजे तुम्हीही थांबलातच. बारा तास का होईना!

नवशिकी: दादा लोक, भांडण नंतर. मला ३७५ मिलीची बाटली भेट मिळाली आहे, २०१७चीच. काय करू?

द्राक्षवेडा: सकाळी ओता, रात्री प्या. सोळा-सतरा अंशांवर, लहान ग्लासातून. सोबत निळं चीज किंवा कडू चॉकलेट.

जुनी_बाटली: लहान बाटली लवकर मुरते. २०३०पर्यंत तरी हात लावू नका.

नवशिकी: फ्रीजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवली तर चालेल का तोवर?

गोंयकार: ताई, आजच उघडा.