मदत हवी: मोलर मास ६० ऐवजी ४४.६ येतोय, अर्जंट

अर्धवट_रसायनी (इंदूर): द्रावणाचा गोठणबिंदू किती उतरतो त्यावरून मोलर मास (एका मोलचं वजन, ग्रॅममध्ये) काढायचं प्रॅक्टिकल. दोनदा केलं, दोन्ही वेळा ४४.६. फॉर्म्युला बरोबर आहे. उद्या फाइल तपासणार. कुठे चुकतंय? "पुस्तक वाच" म्हणू नका, वाचलंय.

पोहे_जिलेबी: कशाचा? कशात विरघळवलंस? वजनं? इथे ज्योतिषी बसलेत का भिया?

मीठमसाला: कमी येतोय म्हणजे आयन सुटत असणार. मिठाचे एकाचे दोन कण होतात, मोलर मास जवळपास निम्मा दिसतो. व्हॅन्ट हॉफचा आय, म्हणजे एकाचे किती कण होतात तो आकडा, घातला का?

अर्धवट_रसायनी: मीठ नाही हो, युरिया. पाण्यात. लिहिलं नव्हतं का?

पोहे_जिलेबी: नाही.

निवृत्त_लॅबवाले: आमच्या वेळी रास्टची पद्धत होती, पाण्याऐवजी कापरात विरघळवायची. पाण्याचा के-एफ (किलोभर द्रावकात एक मोल विरघळला की गोठणबिंदू जितके अंश उतरतो तो आकडा) जेमतेम १.८६, कापराचा चाळिसाच्या आसपास. साधा थर्मामीटरही पुरतो. कापूर घ्या.

पोहे_जिलेबी: काका, मॅन्युअलमध्ये पाणी आहे. कापूर काय देवघरातून न्यायचा?

अर्धवट_रसायनी: भांडू नका ना. युरिया १.२ ग्रॅम, पाणी ५० ग्रॅम. नुसतं पाणी ० ला गोठलं, द्रावण −१.० ला. बाहेरच्या थंड बाथसाठी बर्फ रसवाल्याकडून आणला, त्यात मीठ भरपूर घातलं. पारा −१.० ला जाऊन आपोआप वर चढला आणि −०.७ व −०.८ च्या मध्ये थांबला. थर्मामीटर बिघडलाय बहुतेक.

थंड_डोकं: हेच आधी सांगायचं! थर्मामीटर ठीक आहे, तू सगळ्यात खालचं रीडिंग धरलंस. ते सुपरकूलिंग, म्हणजे गोठणबिंदूच्या खाली जाऊनही न गोठणं. स्फटिक धरायला लागले की उष्णता सुटते, पारा चढतो. चढून थांबला तो गोठणबिंदू. १.८६ × १.२ × १००० ÷ ५० म्हणजे ४४.६४; त्याला उतरलेल्या अंशांनी भाग: ४४.६४ भागिले ०.७५, म्हणजे ५९.५. पुन्हा करशील तेव्हा बाथमध्ये मीठ कमी घाल, ढवळत राहा, −०.८ च्या खाली गेलं की बर्फाचा बारीक कण टाक.

निवृत्त_लॅबवाले: ५९.५ कसले? थर्मामीटरचा लीस्ट काउंट (सगळ्यात लहान भाग) ०.१ ना? ०.७ धरा, ६३.८. ०.८ धरा, ५५.८. बेकमन थर्मामीटर हवा, ०.०१ चा.

बोरिंगवाला: रसवाल्याचा बर्फ कसल्या पाण्याचा असतो कोण जाणे. आमच्याकडे बोरिंग आहे, आरओ कोणता घ्यावा?

अर्धवट_रसायनी: बर्फ नळीच्या बाहेर होता! कच्च्या वहीत दोन्ही रीडिंग आहेत, वाचले. फाइलमध्ये खाडाखोड चालते का?

पोहे_जिलेबी: एकच रेघ मार, बाजूला सरांची सही घे. व्हाइटनर लावू नकोस.