आजीकडे ठेवलेली पोरं : दोष एकट्या आईबापांचा?

जुळे सोलापूरची आजी
परवा इथं एकानं लिहिलं, "पोरं सोलापुरात आजीच्या गळ्यात मारून पुण्यात पगार मोजणारे आईबाप स्वार्थी. ही पोरं पुढं डिप्रेशनमध्येच जाणार." दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून लिहितेय.

मुलगा-सून हिंजवडीत, सात वर्षांचा नातू माझ्याकडं. शनिवारी यायचे, सोमवारी सकाळची पुण्याची हुतात्मा एक्सप्रेस गाठायला तो झोपेत असतानाच निघायचे. रडू नये म्हणून. झालं उलटंच. रविवारी रात्री आईच्या ओढणीचं टोक मनगटाला गुंडाळून जागा राहायचा. सोमवारी पोटदुखी, शाळा नको. तीन डॉक्टर केले, सोनोग्राफी केली, काही निघालं नाही. शेवटी मानसोपचारवाल्या बाईंनी विचारलं, "जाताना त्याला सांगतात का?" आता स्टेशनवर नेते. रडतो, पण घरी येऊन जेवतो. दिवाळीपर्यंत पोट दुखायचं थांबलं. त्यांचं जाणं नव्हे, चोरून जाणं त्याला लागलं होतं. यात स्वार्थ कुठं दिसला?

मंगळवेढ्याचा मास्तर
आजी, तुमच्या नातवाला डॉक्टर तरी भेटला. आमच्याकडं मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, दिवाळीच्या आगेमागे निघतात ते पट्टा पडल्यावरच, कारखान्याचा हंगाम संपल्यावरच येतात. नवराबायको दोघंही. हंगामी वसतिगृह आहे, पण आमच्या गावात त्याचा अर्थ दोन वेळचं जेवण. रात्री पोरं म्हाताऱ्यांच्या खोपटात. पाचवीतली एक मुलगी धाकट्या भावाला घेऊन वर्गात बसते. रडणं नाही, हट्ट नाही. सगळे म्हणतात, किती गुणी! मला त्या गुणीपणाचीच भीती वाटते. वयात आली की 'एकटी कुठं ठेवायची' म्हणून लग्न उरकतील.

पूर्व भाग
मूळ पोस्ट माझी. ऊसतोडीवाल्यांना इलाज नाही, त्यांना मी बोललोच नाही. आणि मी पुस्तकातलं लिहीत नाही. आईबाप भिवंडीत यंत्रमागावर, मी इथं विड्या वळणाऱ्या आजीजवळ. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेला यायचे, चार दिवसांत परत. दहावीला शाळेत पहिला आलो, तेव्हा शेजारी उभं राहायला कुणी नव्हतं. आज ४४ वर्षांचा आहे. रात्री फोन वाजला की अजून छाती धडधडते.

होटगी रोड
मग गावात नोकऱ्या आणा की बे! २०२३ ला विमानाला आड येते म्हणून सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली. विमान येईल, कंपन्या येतील म्हणाले. विमान आलं. कंपन्या कुठायत?

सात रस्ता
चिमणी आड येत होती, पाडली. किती दिवस रडणार?

होटगी रोड
आमचा ऊस त्या कारखान्याला जातो, रडणारच. उजनी धरण उशाला असून नळाला चार दिवसाआड पाणी. अशा गावात कोण कंपनी टाकतो? इथली जुनी कापडगिरणी १८७७ ची. गिरण्या होत्या तेव्हा लोक इथं पोटाला यायचे. आता आमचीच पोरं बाहेर.

सात रस्ता
गिरण्या बंद पडल्या तेव्हा तुमच्याच पुढाऱ्यांच्या मागं फिरत होता ना?

होटगी रोड
माझा बाप गिरणीत होता. तोंड सांभाळून बोला.

जुळे सोलापूरची आजी
अरे, पोरांचं बोलत होतो आपण! पूर्व भागवाल्या दादा, तुम्हाला कुणी सांगून गेलं होतं का कधी?

पूर्व भाग
नाही. उठलो की पिशव्या नसायच्या.
'स्वार्थी' शब्द मागं घेतो, तुमच्या मुलासुनेपुरता. दोन पगार, वर फ्लॅटचा हप्ता, आणि पोर गावाला, हे मला अजूनही पटत नाही.

जुळे सोलापूरची आजी
नका पटवून घेऊ. मास्तर, मनाच्या त्रासासाठी सरकारी हेल्पलाइन आहे, टेलि-मानस, नंबर १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. त्या मुलीसाठी लावून बघा.

मंगळवेढ्याचा मास्तर
उद्या शाळेतून लावतो. पण तिला आधी आईशी बोलायचंय. बापाचा फोन रिचार्जविना बंद आहे, मुकादम उचलत नाही. आठ दिवस झाले, रोज मधल्या सुट्टीत येऊन विचारते, "लागला का, सर?"